बिग टेनचा दसऱ्याचा आठवडा: पर्ड्यूनं बरोबरी का नाही केली?

विश्रामबागची आई (सांगली), 14 ऑक्टोबर 2024

नमस्कार मंडळी. माझी लेक ऑगस्टमध्ये एमएस करायला पर्ड्यू युनिव्हर्सिटीत गेली. अमेरिकेत इंडियाना राज्यात वेस्ट लाफायेत म्हणून गाव आहे, तिथं. इथं असताना तिनं कधी कुठली मॅच पाच मिनिटं बसून बघितली नाही. आता शनिवार आला की अंगात काळा-सोनेरी टी-शर्ट आणि तोंडात त्यांचा अमेरिकन फुटबॉल.

परवा दसऱ्याला सोनं द्यायला येणारी माणसं रात्री उशिरापर्यंत होती. आवरून झोपले तर पहाटे पाचच्या सुमाराला फोन. घाबरतच उचलला. पलीकडून बसलेला आवाज, "आई, एका पॉइंटनं गेलो गं!" इलिनॉयशी मॅच होती, 50-49.

मी कॉलेजात खो-खो खेळायचे, शिवाजी विद्यापीठाच्या झोनल स्पर्धा खेळले आहे. त्यामुळे एका गुणानं हरणं म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. पण ती म्हणते, बरोबरी करायची सोपी संधी हातात असताना टीमनं ती सोडली, जिंकायला गेले आणि हरले. फायनल नाही, सेमीफायनल नाही, मग एवढी घाई कशाला? आणखी एक, त्यांच्या बिग टेन नावाच्या गटात न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या 18 टीम आहेत म्हणे. ही पोरं एवढा प्रवास करून शिकतात कधी?

तिकडं राहून आलेलं कुणी असेल तर नीट समजावून सांगा. नियमांची यादी नको, ती वाचली आणि विसरले. मला येत्या मॅचला लेकीशी चार शब्द बोलता आले पाहिजेत.

मिरजकर

ताई, सुरुवातीला एवढंच धरा. ज्यांच्याकडं बॉल आहे त्यांना चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढं जायचं असतं. गेले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. चौथा प्रयत्न म्हणजे आपल्या कबड्डीतली करो या मरोची चढाई. म्हणून बहुतेक टीम तेव्हा धोका न घेता बॉल लांब लाथाडून देतात, नाहीतर जवळ असतील तर खांबांमधून मारून 3 पॉइंट घेतात. बॉल शेवटच्या पट्ट्यात नेला की 6 पॉइंट. त्यानंतर लाथेनं मारून 1, किंवा पुन्हा एकदा घुसून 2. तुमच्या लेकीचं रडगाणं या 1 आणि 2 मधलं आहे. पुढचं यवतेश्वर सांगतील, ते ओहायोत राहून आलेत.

यवतेश्वर (सातारा)

ताई, नमस्कार. नोकरीच्या निमित्तानं काही वर्षं कोलंबसला काढली, तेव्हापासून ओहायो स्टेटवर जीव आहे. मागचा आठवडा आम्हा लोकांना जड गेला, त्यामुळे लांबण लागलं तर चालवून घ्या.

आधी तुमचा मुख्य प्रश्न. पर्ड्यूनं केलं ते माझ्या मते शंभर टक्के बरोबर केलं. का ते सांगतो.

वेळ संपली तेव्हा 43-43 बरोबरी होती. अशा वेळी जादा डाव होतो. प्रत्येक टीमला समोरच्याच्या गोलरेषेपासून 25 यार्डांवर बॉल देतात, घड्याळ नसतं. इलिनॉयनं आधी खेळून 6 अधिक 1 असे 7 केले, 50-43. पर्ड्यूनंही 6 केले, 50-49. आता लाथेचा 1 घेतला तर बरोबरी आणि दुसरा जादा डाव. पण दुसऱ्या जादा डावापासून नियमच असा आहे की 6 केल्यावर लाथेचा 1 घेता येत नाही, 2 साठीच जावं लागतं. आणि तिसऱ्यापासून तर फक्त 2 चे प्रयत्नच होतात, आलटून पालटून. म्हणजे ही परीक्षा पाच मिनिटांनी द्यावी लागणारच होती. बॉल 3 यार्डांवर ठेवलेला, आपला हल्ला रंगात, आपला बचाव दमून गेलेला, मैदान परक्याचं. मग आत्ताच का नको? प्रयत्न फसला, हे खरं. पण हरल्यामुळं निर्णय चुकीचा ठरत नाही.

आणि लेकीचा आवाज का बसला तेही लक्षात घ्या. पर्ड्यूचा हा हंगाम फार वाईट चाललाय. पहिली मॅच जिंकले, मग नोत्र दामकडून 66-7, आदल्याच आठवड्यात विस्कॉन्सिनकडून 52-6. परवाही 27-3 असे मागं होते. क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून हल्ला चालवणारा गडी, रायन ब्राउन हा बदली पोरगा, त्यानं फेकून जवळपास 300 यार्ड काढले आणि स्वतः पळून शंभराच्या वर. शेवटच्या मिनिटात पर्ड्यू 43-40 पुढं होतं! इलिनॉयनं घड्याळ संपता संपता लाथेचे 3 घेऊन बरोबरी केली. दोन महिन्यांपूर्वी तिथं गेलेल्या पोरीला हे पहिलं खरं प्रेम वाटलं असणार.

एवढी घाई कशाला म्हणालात, तर या खेळात अख्ख्या हंगामात 12 मॅच, त्यातल्या बिग टेनमधल्या 9. आठवड्याला एक. आयपीएलसारखं चार हरून पाचव्यापासून सावरायला इथं जागाच नाही. यंदापासून गटातले उपविभाग काढले, 18 मधल्या वरच्या दोन टीम इंडियानापोलिसला फायनल खेळतात. देशाच्या प्लेऑफमध्ये कालपर्यंत चारच टीम असायच्या, यंदा बारा झाल्या, त्यामुळे एखादी हार पोटात घालता येते. तरी दोन झाल्या की जीव टांगणीला.

आता आमचं दुःख. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ओहायो स्टेट विरुद्ध ओरेगन. देशात आम्ही 2 नंबर, ते 3 नंबर, मैदान त्यांचं, 60 हजारांवर माणूस, त्या मैदानाचा उच्चांक. शाहूपुरीत घरातले सगळे झोपलेले, मी फोनवर ईएसपीएनच्या पानावर एकेक खेळी वाचत बसलेलो. ओरेगननं शेवटच्या दोन मिनिटांत लाथेचे 3 घेऊन 32-31 केलं. आम्ही बॉल घेऊन निघालो, थेट खांबांच्या टप्प्यात पोचलो आणि आमच्याच जेरेमाया स्मिथनं समोरच्याला ढकलल्याचा फाउल लागला, 15 यार्ड मागं. 10 सेकंद उरलेले असताना ओरेगननं 11 च्या जागी 12 खेळाडू मैदानात ठेवले. पास फसला. पंचांनी 5 यार्डांचा दंड दिला, पण गेलेले 4 सेकंद परत दिले नाहीत. उरले 6. आमचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड पळाला, घसरून खाली बसला, तोवर घड्याळ शून्यावर.

ते 12 खेळाडू मुद्दाम ठेवले का, यावर तिकडं दोन दिवस हेच चाललंय. माझं मत विचाराल तर दोष नियमाचा. शेवटच्या 10 सेकंदांत 5 यार्ड देऊन 4 सेकंद विकत घेता येत असतील तर कुठलाही डोकेबाज कोच घेईल. सेकंद परत मिळालेच पाहिजेत. आणि तो फाउल आम्हीच केला होता, तेही तितकंच खरं.

तिसरी मॅच लेकीला जरूर विचारा, तिनं बघितली नसेल तर क्लिप बघायला सांगा. पेन स्टेट लॉस एंजेलिसला यूएससीशी खेळलं. मध्यांतराला 20-6 मागं, जादा डावात 33-30 जिंकलं. त्यांचा टाइट एंड, म्हणजे रांगेच्या टोकाला राहून अडवणारा आणि पासही पकडणारा गडी, टायलर वॉरन यानं 17 पास पकडले, 224 यार्ड. त्यातली एक खेळी अशी. रोज ज्या जागी मधला धिप्पाड गडी वाकून पायांमधून बॉल मागं देतो, तिथं वॉरन वाकला. त्यानं बॉल मागं दिला आणि उठून सरळ पुढं पळत सुटला. मागं बदली क्वार्टरबॅकनं बॉल घेऊन बाजूला नेहमीच्या क्वार्टरबॅककडं, ड्रू ॲलरकडं दिला. ॲलरनं उंच फेकला आणि 32 यार्डांवर शेवटच्या पट्ट्यात तो पकडला कुणी? ज्यानं दिला होता त्या वॉरननंच! रांगेतली माणसं अशी उभी केली होती की मधला गडी नियमानं कडेचा ठरला, म्हणून त्याला पास पकडायची मुभा. खो-खोत चकवा देणाऱ्या माणसाला हे फार आवडेल.

बाकीचं भरभर सांगतो. शुक्रवारी नॉर्थवेस्टर्ननं मेरीलँडला 37-10. शनिवारी आयोवानं वॉशिंग्टनला 40-16, विस्कॉन्सिननं रटगर्सला 42-7, मिनेसोटानं यूसीएलएला 21-17. इंडियाना, मिशिगन, मिशिगन स्टेट आणि नेब्रास्का यांना सुट्टी होती.

आता प्रवास. इथं मात्र मी नाराज आहे. 1895 मध्ये शिकागोत काही युनिव्हर्सिट्यांच्या अध्यक्षांना बोलावून कॉलेजच्या खेळाला शिस्त लावायची बैठक कुणी घेतली असेल, तर तुमच्या लेकीच्या पर्ड्यूचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांनी. त्यातूनच 1896 ला हा गट उभा राहिला, सात युनिव्हर्सिट्यांचा, जवळपासच्या. यंदा पश्चिम किनाऱ्यावरचे यूएससी, यूसीएलए, ओरेगन आणि वॉशिंग्टन आले. कारण टीव्हीचा पैसा, दुसरं काही नाही. हंगामात सरावाला आठवड्याला 20 तास, दिवसाला 4 तास अशी मर्यादा आहे, एक दिवस सुट्टी. मॅच कितीही चालली तरी 3 तासच धरतात, आणि प्रवास त्यात धरतच नाहीत. पूर्वेकडच्या न्यू जर्सीतल्या रटगर्सच्या पोरानं पश्चिम किनाऱ्यावरून रात्री विमानानं यायचं आणि सोमवारी लेक्चरला बसायचं. फुटबॉलवाले निदान आठवड्याला एकदाच जातात. व्हॉलीबॉलच्या मुली आठवड्यात दोनदा खेळतात, त्यांचे हाल कुणी विचारत नाही.

विटेकर

आमच्याकडं शनिवारी दसऱ्याची पालखी शर्यत होती, त्यामुळं धागा आज बघतोय. यवतेश्वर, सगळं छान सांगितलंत, पण हा कॉलेजचा खेळ राहिलाय का? 2021 पासून पोरांना स्वतःच्या नावाचे, फोटोचे पैसे घ्यायला परवानगी आहे. आज या कॉलेजात, पुढच्या वर्षी त्या. आपल्याकडं विद्यापीठाकडून खेळणारं पोरगं एसटीनं जातं, वडापाव खाऊन मैदानात उतरतं.

यवतेश्वर (सातारा)

विटेकर, पैसे पोरांना मिळायला लागले याचं मला बरंच वाटतं. एक लाख दोन हजार माणसांच्या स्टेडियममध्ये मी बसलोय. तिकीट, पार्किंग, टीव्ही, सगळीकडं पैसा वाहत होता आणि ज्यांच्या गुडघ्यांवर तो उभा होता त्यांनाच तेवढी बंदी. मोडलेल्या गुडघ्यानं परत घरी गेलेली पोरं त्या काळात कमी नव्हती. कॉलेज बदलायचं म्हणाल, तर कोच हंगाम संपायच्या आत दुसरीकडं जातात, त्यांना कुणी अडवलंय?

पण आपल्या पोरांच्या एसटीबद्दल म्हणालात ते मनाला लागलं. तिकडच्या पैशातला कणभर वाटा इथल्या झोनलला मिळाला तर किती पोरं खेळात टिकतील.

विश्रामबागची आई (सांगली), 17 ऑक्टोबर

यवतेश्वर, तुमचे उपकार. काल लेकीला म्हटलं, "दुसऱ्या जादा डावात 2 साठी जावंच लागणार होतं, मग आत्ताच गेले, बरोबर केलं." तर पलीकडं एकदम शांत. मग म्हणाली, "आई, तुला कुणी सांगितलं?" नंतर अर्धा तास बोलत होती, पोरींबरोबर कुणाच्या खोलीत मॅच बघितली, रडायला कोण लागलं, मोठा ढोल कसा ढकलत नेतात, सगळं. इतकं तिथं गेल्यापासून बोलली नव्हती.

वॉरनची ती क्लिप मीही बघितली. आमच्या वेळी असं कुणी केलं असतं तर मैदानात उड्या मारल्या असत्या.

आता तुमच्या ओरेगनशीच त्यांची मॅच आहे, आणि ती शनिवारी नाही, शुक्रवारी रात्री. असं का? आणि आम्हाला काही आशा?

यवतेश्वर (सातारा)

टीव्हीवाल्यांना शुक्रवारची रात्र भरायची असते, म्हणून. आपल्याकडं शनिवारी पहाटे साडेपाच. खरं सांगतो, आशा कमी आहे. एपी वृत्तसंस्थेच्या रविवारच्या क्रमवारीत ओरेगन 2 नंबरला चढलंय. लेकीला सांगा, स्कोअर बघू नको, ब्राउन किती वेळ उभा राहतो ते बघ.

आणि एक बातमी. बुधवारी नियमाचा खुलासा आला. शेवटच्या दोन मिनिटांत बचावाचे 12 जण खेळीत असतील तर 5 यार्डांच्या दंडाबरोबर गेलेले सेकंदही परत मागता येतील. बारावा बाहेर पळत असेल आणि खेळीत नसेल तर नाही. आमची मॅच गेली ती गेली, पण पुढच्या कुणाची तरी वाचेल.

विश्रामबागची आई (सांगली), 19 ऑक्टोबर

35-0. लेक स्टेडियममध्येच होती, शेवटपर्यंत थांबली. मी इकडं चहा घेऊन तुमच्या त्या पानावर एकेक ओळ वाचत होते. पुढची कधी?

यवतेश्वर (सातारा)

शेवटपर्यंत थांबली ना, मग झाली ती पर्ड्यूची. पुढच्या शनिवारी त्यांना सुट्टी. मग 2 नोव्हेंबरला, म्हणजे आपल्या पाडव्याला, घरच्या मैदानावर नॉर्थवेस्टर्न. ही जिंकण्यासारखी आहे. आणि 3 नोव्हेंबरला तिकडं घड्याळं एक तास मागं जातात. त्यानंतर दुपारी बाराची मॅच आपल्याकडं रात्री साडेनऊऐवजी साडेदहाला लागेल, तेवढं लिहून ठेवा.