मदत हवी आहे: नवा ओटा, ट्रॉल्या आणि तीन कोटेशनांतला अडीच लाखांचा फरक (नाशिक)

डबेवालीनाशिक

नमस्कार मंडळी,

इंदिरानगरला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. ओटा २००३ चा, म्हणजे त्या वर्षीच्या सिंहस्थाला पाहुणे येणार म्हणून घाईघाईत घातलेला. खाली कडप्प्याचे कप्पे, वर काळा ग्रॅनाइट. आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, पाहुण्यांची यादी पुन्हा तयार आहे, त्याआधी स्वयंपाकघर एकदाचं करून घ्यायचं ठरलंय. ठरलंय म्हणजे माझं ठरलंय. सासूबाई म्हणतात, "कडप्पा फुटलाय का? मग कशाला?"

ओटा ३० इंच उंच, सासूबाईंच्या मापाने केलेला. मी पाच फूट पाच इंच. रोज १८ डबे करते, ते अंबडच्या कारखान्यांत जातात. पहाटे साडेपाचपासून वाकून पोळ्या लाटायच्या, त्यामुळे कंबरेचे हाल आहेत. सिंकखालचं दार फुगून लागतच नाही. आणि कोपऱ्यातल्या कप्प्यात आत काय आहे ते मागच्या, म्हणजे २०१५ च्या सिंहस्थानंतर कुणी पाहिलेलं नाही.

ओटा एल आकाराचा, एक बाजू १० फूट, दुसरी ७. तीन ठिकाणी विचारलं.

गंगापूर रोडच्या एका शोरूममध्ये कॉफी मिळाली आणि कॉम्प्युटरवर आमच्या स्वयंपाकघराचं चित्र. त्यात ओट्यावर हिरव्या सफरचंदांची वाटी (आमच्या ओट्यावर मटकी भिजत असते). आतले खोके एचडीएचएमआरचे (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड), दारं अ‍ॅक्रेलिकची, टँडम ड्रॉवर, सगळं सॉफ्ट क्लोज. ३,४२,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,०३,५६०. वॉरंटी दहा वर्षं, पण कशाकशाची ते विचारलं की "मॅम, ते डॉक्युमेंटमध्ये येईल".

दुसरा सातपूर एमआयडीसीतला छोटा कारखाना. "वॉटरप्रूफ" प्लाय, बाहेरून लॅमिनेट, कडा मशीनने चिकटवलेल्या, स्टीलच्या ट्रॉल्या. २,३५,००० अधिक जीएसटी, एकूण २,७७,३००. मालक स्वतः माप घ्यायला आले आणि टेप दोनदा लावली, ते मला आवडलं. बिल नको असेल तर जीएसटी वाचेल, हे दारातून बाहेर पडताना हळूच सांगितलं, ते नाही आवडलं.

तिसरे शेजारच्या बिल्डिंगमध्ये काम केलेले मिस्त्री. माल आपण आणायचा, मजुरी चौरस फुटाला ४००. त्यांच्या मापाने खालचं-वरचं मिळून ६७ चौरस फूट, मजुरी २६,८००. प्लायची १४ शीट, सनमायका, चॅनेल (ट्रॉली ज्यावर सरकते त्या पट्ट्या), बिजागऱ्या धरून सगळं साधारण १,५८,०००. काम घरातच, वीसेक दिवस.

गंमत अशी की शोरूमवाल्यांच्या कागदावर हेच स्वयंपाकघर ९२ चौरस फूट आहे. भिंती तर हलल्या नाहीत! ग्रॅनाइट, तोडफोड आणि प्लंबर तिघांतही धरलेले नाहीत.

माझा प्रश्न: या अडीच लाखांत नेमकं काय विकत मिळतं? मिस्त्रींचं काम पुढचा सिंहस्थ बघेल का? आणि ओट्याची उंची किती ठेवावी?

प्लायवाले_काका

ताई, "वॉटरप्रूफ" हा शब्द कोटेशनमधून खोडा आणि तिथे आयएसचा, म्हणजे भारतीय मानकाचा, आकडा लिहून घ्या. आयएस ३०३ हे साधं प्लाय. त्यातही दोन प्रती येतात, एमआर आणि बीडब्ल्यूआर. एमआर ओलाव्याला तग धरतं, पाण्याला नाही; बीडब्ल्यूआर उकळत्या पाण्यालाही तग धरतं. आयएस ७१० हे मरीन. त्याच्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळतात, बीडब्ल्यूआरचा ८ तास. शीटवर छापलेला आयएसआयचा सीएम/एलने सुरू होणारा नंबर बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की कारखान्याचं नाव दिसतं. नाव आणि शिक्का जुळला नाही तर माल परत.

घरच्या घरी बघायचं तर कापलेला तुकडा चार तास उकळा. थर सुटायला लागले की समजा. गिऱ्हाइकाने तुकडा मागितला की आमच्याही दुकानात माणसं जरा ताठ बसतात.

एचडीएचएमआर वाईट नाही, सपाट आणि जड असतं, रंग-अ‍ॅक्रेलिकच्या दाराला तेच चांगलं. पण कड उघडी राहिली आणि पाणी आत गेलं की फुगतं, आणि फुगलेलं परत बसत नाही. सिंकखाली मी कुणालाच लाकडाचं काही सुचवत नाही. तिथे कडप्पाच ठेवा, सासूबाई बरोबर आहेत.

निवांत

वाचतोय. आमचंही दिवाळीनंतर काढायचंय.

पंचवटीची_सून

आमचं होऊन तीन वर्षं झाली, माझं ऐकून घ्या. अ‍ॅक्रेलिकची दारं पहिले सहा महिने आरशासारखी. नंतर घासणीचे ओरखडे, आणि फोडणीचे शिंतोडे संध्याकाळच्या उन्हात असे दिसतात की विचारू नका. १८ डबे करणारीने मॅट लॅमिनेट घ्यावं.

दुसरं, ट्रॉल्या. आम्हाला "एसएस (स्टेनलेस स्टील) आहे, लोहचुंबक लावून बघा" म्हणाले. लावला, चिकटला नाही, आम्ही खूश. दुसऱ्या पावसाळ्यात सिंकशेजारच्या ट्रॉलीला जोडाजोडाशी गंज. नंतर भांडी बाजारातल्या एका दुकानदाराने सांगितलं की २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही, ३०४ लाही नाही. २०२ मध्ये निकेल कमी असतं म्हणून स्वस्त. बिलावर ३०४ लिहून घ्या. जो लिहून देत नाही त्याचं उत्तर मिळालंच.

हिशेबनीस

आधी मापाचं. कुणी फक्त समोरून दिसणारं क्षेत्रफळ धरतं: खाली कोपरा वजा करून १५ फूट गुणिले पावणेतीन, वर १३ गुणिले २, झाले तुमचे ६७. कुणी बाजूच्या पट्ट्या, फिलर, खालचं स्कर्टिंग असं सगळं त्यात घालतं, म्हणून ९२. तेव्हा चौरस फुटाचा दर विचारूच नका. तिघांना एकच यादी द्या: कुठलं प्लाय, किती जाडीचं, कुठली चॅनेल, किती बिजागऱ्या. आणि प्रत्येकाकडून एकूण रक्कम घ्या.

आता मिस्त्रींचा छुपा खर्च. १८ डबे, समजा ९० रुपयांचा एक, दिवसाचे १,६२०. वीस दिवस स्वयंपाकघर बंद म्हणजे ३२,४०० चा धंदा गेला, आणि त्यातली दोन-चार गिऱ्हाइकं दुसरीकडे लागली ती वेगळीच. कारखान्याचं काम तिकडेच होतं, घरी तीन-चार दिवस बसवणी. शिवाय हाताने फेव्हिकॉल लावून चिकटवलेली कड वाफेने आधी सुटते. मिस्त्री हुशार असतील, पण त्यांच्याकडे कड चिकटवायचं मशीन नाही.

बिलाशिवायचं मात्र करू नका. वाचले ४२,३००, आणि उद्या चॅनेल बसली तर दाखवणार काय?

डबेवालीनाशिक

सगळ्यांचे आभार. डबा ८० चा आहे, पण मुद्दा पोचला :) उंचीचं कुणी सांगेल का? शोरूमवाले सरसकट ३४ म्हणताहेत. सासूबाईंना ३४ वर कढईत डोकावताच येणार नाही.

ओटापुराण

सरसकट काही नसतं. कोपर काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि ४ ते ६ इंच कमी करा. पोळपाटाची उंची त्यातच धरा, ती लोक विसरतात. आणि शेगडी ओट्यावर आणखी पाच-सहा इंच चढते, म्हणून गॅसची बाजू लाटायच्या बाजूपेक्षा खाली असलेलीच बरी.

तुमचा ओटा एल आहे ना? मग दोन उंच्या करा. ७ फुटांची बाजू आहे तशी ३० वर ठेवा, कडप्प्यासकट. गॅस तिथे, सासूबाई तिथे. १० फुटांची बाजू तोडून ३४ करा: सिंक, पोळपाट, तुम्ही. फक्त कडप्प्याला स्क्रू धरत नाही, त्यामुळे जुन्या कप्प्यांत ट्रॉली बसवताना आधी आतून पट्ट्या ठोकाव्या लागतात, आणि जुने कप्पे कधीच एका मापाचे नसतात. प्रत्येक कप्प्याचं माप वेगळं घ्यायला सांगा, पुढून आणि मागून.

पंचवटीची_सून

हे आम्हाला तीन वर्षांपूर्वी का नाही कुणी सांगितलं!

डबेवालीनाशिक

नऊ दिवसांनी लिहितेय. यादी करून तिघांना दिली. शोरूमवाल्यांनी अर्धं स्वयंपाकघर करत नाही असं कळवलं. मिस्त्री म्हणाले करतो, पण ते सध्या दुसऱ्या साइटवर आहेत, दोन महिने थांबा. सातपूरवाले पुन्हा आले, कप्पे मोजले. एका कप्प्यात पुढून आणि मागून पाऊण इंचाचा फरक निघाला. नवं कोटेशन: १० फुटांच्या बाजूला ७१० चे खोके, सिंकखाली कडप्पा, ७ फुटांच्या बाजूला फक्त ३०४ च्या ट्रॉल्या आणि मॅट दारं, वरची कपाटं तशीच. १,७२,००० अधिक जीएसटी, २,०२,९६०, पक्क्या बिलावर. प्लायचा तुकडा मागितला तर दिला. कुकरमध्ये उकळत ठेवला होता, सासूबाईंनी विचारलं आज भाजी कसली.

मोजायला कोपऱ्यातला कप्पा रिकामा केला. पुरणयंत्र निघालं. ते हरवलं म्हणून २०१६ मध्ये नवीन घेतलं होतं.

शेवटचा प्रश्न: ते ६० टक्के आगाऊ, ४० टक्के माल दारात आल्यावर मागताहेत. हे बरोबर आहे का?

प्लायवाले_काका

नाही. ५० आगाऊ, ४० माल उतरल्यावर आणि १० बसवून झाल्यावर पंधरा दिवसांनी. त्या पंधरा दिवसांत खालच्या ट्रॉलीत तांदळाचा भरलेला डबा ठेवा आणि रोजच्यासारखी धाडकन लावा. चॅनेल वाकडी असेल तर तेवढ्यात कळतं.