सारायेवोत दोन दिवस: वेढ्याच्या खुणा कुठे पाहाव्यात?

पन्हाळकर
बाबांना घेऊन ऑक्टोबरात बोस्नियाला चाललोय. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. १९९२ मध्ये युगोस्लाव्हियात संयुक्त राष्ट्रांची फौज गेली तिचे पहिले सेनापती सतीश नंबियार याच रेजिमेंटचे, आणि मुख्यालय सुरुवातीला बोस्नियाच्या राजधानीत, सारायेवोत. म्हणून बाबांचा हट्ट. काय चुकवू नये?

झेलम_एक्स्प्रेस
आधी वेढ्यातला बोगदा. १९९२ ते ९६ शहराला बोस्नियातल्या सर्ब फौजेचा वेढा होता. ३ नंबरच्या ट्रॅमने इलिजा, पुढे टॅक्सी. जून १९९२ अखेर विमानतळ संयुक्त राष्ट्रांकडे आला, तो मदतीची विमानं उतरावीत म्हणून. धावपट्टी ओलांडून शहरातून निसटायला मात्र बंदी. रात्री पळणाऱ्यांवर शांतिसैनिक प्रकाशझोत टाकायचे, सर्ब नेमबाजांना आयतंच सावज! शेवटी १९९३ त लोकांनी धावपट्टीच्या खालूनच खणलं. शहरातलं दोब्रिन्या ते वेढ्याबाहेरचं बुतमिर, साधारण ८०० मीटर. पीठही त्यातून, जखमीही आणि काडतुसंही.

पेठेतला_पाहुणा
इतिहास संग्रहालयाजवळचा डबा बघाच. मदतीत यायचा त्या बीफच्या डब्याची भलीमोठी प्रतिकृती. आंतरराष्ट्रीय समुदायाचं स्मारक म्हणे, ‘कृतज्ञ सारायेवोकरांकडून’! ते मांस कुत्री-मांजरंसुद्धा हुंगून सोडत, असं तिथले सांगतात. पुणेरी पाट्यांनी शिकवणी लावावी इतका कोरडा टोमणा.

सई_ताई
@पाहुणा, डब्यावर हसा, पण शहर जगलं त्याच मदतीवर. जुलै १९९२ ते जानेवारी १९९६ ती विमानांनी येत राहिली, म्हणजे १९४८-४९ मध्ये वेढलेल्या बर्लिनला विमानांनी रसद पोचवली त्यापेक्षा जास्त काळ. सप्टेंबर ९२ मध्ये इटलीचं मदतीचं विमान पाडलं, आतले चौघेही गेले.
पन्हाळकर, मार्काले मंडईत सकाळी जा. ५ फेब्रुवारी १९९४ ला उखळी तोफेच्या एका गोळ्यात ६८ माणसं मेली. आजही तिथे फळं-भाज्या विकतात, मागच्या लाल भिंतीवर मेलेल्यांची नावं. मग मिल्यात्स्का नदी ओलांडून ग्रबावित्सात शिरा. ती वस्ती सर्ब फौजेकडे होती, अलीकडचं शहर बोस्नियाच्या सरकारकडे. नदी आपल्या ओढ्याएवढी. नकाशात हे अंतर कळत नाही.

पन्हाळकर
आभार! बाबा सहा फुटी, गुडघे दुखरे. बोगदा झेपेल?

झेलम_एक्स्प्रेस
उंची जेमतेम सव्वापाच फूट, वाकावं लागेल. पण खुला आहे तो तुकडा छोटासाच. मी दोनदा डोकं आपटलंय, टोपी घालायला सांगा.