ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं: नाव पटावर, मूल उसाच्या फडात

समिती_सदस्य: नमस्कार. बीड जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी. दिवाळी झाली की गावातले कोयते (ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडपी) निघतात, ते पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच परततात. मुलंही सोबत जातात. सलग गैरहजर मुलांची नावं कमी करू का, असं मुख्याध्यापक विचारतात. कायद्याने पालकांचं काय, शाळेचं काय? आणि शाळा व्यवस्थापन समितीने नेमकं काय करायचं?

केंद्रशाळा: नाव कमी करू नका. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 16 प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम 10 मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण त्याला दंड नाही. तेव्हा दंडाची भीती घालून कोणी थांबत नाही, उलट पालक शाळेशी बोलणं सोडतात. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघणं कलम 9 ने स्थानिक प्राधिकरणावर (जिल्हा परिषद, नगरपालिका अशा संस्थांवर) टाकलंय. शिक्षकाने पालकांना भेटून हजेरी आणि प्रगती सांगायची, हे कलम 24 मध्ये आहे.

पाचवीच्या मुलांकडे विशेष लक्ष द्या. 2019 च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झाल्यास जादा शिकवणी आणि निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात बसवता येतं. सहा महिने बाहेर राहिलेल्या मुलाला हे फार महागात पडतं.

हंगामी_मदत: काम दिवाळीनंतर नाही, मुकादमाची (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाते तेव्हाच सुरू करा. घरोघर एकच प्रश्न: मागे आजी, आजोबा, चुलती, कोण राहणार? कोणी असेल तर मूल गावातच ठेवायचं आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे वेळेत द्यायचा. नाव वसतिगृह असलं तरी बऱ्याच गावांत मूल नातेवाइकाकडे झोपतं आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेच्या व्यवस्थेतून मिळतं. प्रस्ताव उशिरा गेला की मंजुरी येईपर्यंत मुलं फडावर पोचलेली असतात. बहुतेक ठिकाणी घोडं इथेच अडतं.

जे जाणारच, त्यांना शिक्षण हमी कार्ड द्या. त्यावर इयत्ता आणि मूल कुठपर्यंत शिकलंय ते नीट भरा. ‘वाचता येते’ असं मोघम नको. ‘जोडाक्षरं वाचतो, हातच्याची वजाबाकी येत नाही’ असं लिहा. म्हणजे तिथल्या गुरुजींना पहिल्याच दिवशी उपयोग होतो.

शिवाय टोळी कुठल्या सेंटरची, म्हणजे कामाच्या कुठल्या पद्धतीची आहे ते विचारा. गाडी सेंटरचे लोक बैलांसह कारखान्याजवळच अड्डा टाकतात, तिथे एकच शाळा धरता येते. डोकी सेंटरची (डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरणारी) टोळी फड संपला की गाव बदलते. या मुलांना मागे ठेवण्यासाठीच सगळा जोर लावा.

अंगणवाडी_कार्यकर्ती: आठ-दहा वर्षांच्या मुली शाळेत का जात नाहीत, ते कोपीत (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत) बघा. आई-बाप पहाटे फडात, धाकटं भावंड हिच्या कडेवर. नुसतं शाळेत नाव घालून ती येणार नाही. धाकट्याला तिथल्या अंगणवाडीत घेतलं तरच ती सुटते. दोन्ही नावं एकाच दिवशी घाला.

केंद्रशाळा: ताईंचं बरोबर आहे. आणखी एक, कळकळीने सांगतो: पट टिकावा म्हणून गेलेल्या मुलाची हजेरी भरू नका. कागदावर ते हजर दिसतं, म्हणून शाळाबाह्य मुलांच्या शोधात सापडत नाही आणि त्याच्यासाठी कोणी काहीच मागत नाही. खरी गैरहजेरी लावा, शेऱ्यात ‘स्थलांतरित’ आणि कारखान्याचं, गावाचं नाव लिहा.

समिती_सदस्य: काही टोळ्या कर्नाटकात जातात. तिकडच्या शाळेने दाखला मागितला तर?

हंगामी_मदत: कायदा केंद्राचा आहे, तिकडेही लागू. कलम 5 प्रमाणे दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. अडचण माध्यमाची येते. बेळगाव भागात मराठी शाळा आहेत, म्हणून टोळी निघण्याआधीच मुकादमाकडून मुक्कामाचं गाव आणि त्याचा फोन नंबर घ्या. पंधरा दिवसांनी तिथल्या मुख्याध्यापकांना फोन करून मूल वर्गात बसलं का ते विचारा. प्रवेश नाकारला तर कलम 32 खाली तिथल्या स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. पण हंगामच पाच-सहा महिन्यांचा, तेव्हा तक्रार पहिल्याच आठवड्यात गेली पाहिजे.