दोन फेऱ्यांनंतर आयडलरच्या खुणा जुळत नाहीत : टायमिंग गियर पुन्हा काढावेत का?

प्रश्न (काळी_माती)

नमस्कार. आमच्याकडे जुना मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर असून त्याला पर्किन्सचे 3.152 हे तीन सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे. पुढच्या ऑइल सीलमधून तेल गळत असल्यामुळे टायमिंग कव्हर काढले, आणि कव्हर निघालेच आहे तर आयडलर (क्रँक आणि कॅम यांच्यामधल्या) गियरचे झिजलेले बुशही बदलून घेतले. बसवताना क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा), आयडलर, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि डिझेल पंप या चारही गियरवरची जुळणीची टिंबे एकमेकांसमोर नीट धरली होती. त्यानंतर पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवले, तेव्हा क्रँक, कॅम आणि पंप यांची टिंबे पहिल्या जागी आली, परंतु आयडलरची टिंबे भलतीकडेच गेलेली दिसली. गावातील मिस्त्रींच्या मते एक दाता चुकला आहे आणि सर्व गियर पुन्हा काढून बसवावे लागतील. इंजिन अद्याप सुरू केलेले नाही आणि कव्हरही उघडेच आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (जुने_डिझेल)

गियर काढण्याची घाई करू नये. आपण जे वर्णन केले आहे त्यावरून टायमिंग बरोबर असण्याचीच शक्यता अधिक दिसते. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा पूर्ण होतो, म्हणून या दोघांच्या खुणा दर दोन फेऱ्यांनी पहिल्या जागी परततात. पंपही कॅमच्याच गतीने फिरत असल्याने त्याचेही तसेच. आयडलर मात्र मधला निरोप्या आहे. क्रँकची गती पुढे पोचवणे एवढेच त्याचे काम असून त्याच्या दात्यांची संख्या कितीही असली तरी क्रँक आणि कॅम यांच्यातील प्रमाण बदलत नाही, त्यामुळे त्याची खूण केवळ जोडणीच्या वेळी उपयोगी पडते.

उदाहरणादाखल क्रँकचे 28, कॅमचे 56 आणि आयडलरचे 63 दाते धरा. तिन्ही गियरच्या खुणा एकाच वेळी पुन्हा समोरासमोर येण्यासाठी 504 दाते सरकावे लागतात, म्हणजे क्रँकचे 18 फेरे व्हावे लागतात. आयडलर 45 दात्यांचा असता तर हाच आकडा 90 फेऱ्यांवर गेला असता. आपल्या गियरचे दाते मोजून लघुतम सामाईक विभाज्य काढा, त्याला क्रँकच्या दात्यांनी भागा, तितके फेरे हाताने फिरवा, आणि टिंबे जुळलेली मिस्त्रींना दाखवा. हिशोबापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले त्यांना लवकर पटेल.

उत्तर (टॅपेट_फट)

वरील खुलासा बरोबर आहे. मात्र जुन्या इंजिनात केवळ टिंबांवर विसंबू नये असे माझे मत आहे. एखादा गियर पूर्वी बदललेला असतो, बाजारातून आणलेल्या सुट्या भागावर खूण धड उमटलेली नसते, तर कधी कोणीतरी सेंटर पंचाने आपली वेगळीच खूण करून ठेवलेली असते. म्हणून व्हॉल्व्हवरून खात्री करून घ्यावी. आधी थंड इंजिनवर टॅपेटची फट (रॉकर आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यातील अंतर) 0.30 मिलिमीटर ठेवा. एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे हवा दाबून अगदी वरच्या टोकाला, आणा. तेथे त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह दाबणारे दोन्ही रॉकर सैल लागले पाहिजेत. तेथून एक पूर्ण फेरा पुढे गेल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत आलेला आणि इनलेट नुकताच उघडू लागलेला दिसला पाहिजे. कॅमच्या 56 दात्यांपैकी एक दाता चुकला तर क्रँकवर जवळजवळ 13 अंशांचा फरक पडतो, आणि एवढा फरक रॉकरकडे पाहूनही लपत नाही.

इंजिन नेहमी चालण्याच्या दिशेनेच फिरवावे, म्हणजे दात्यांमधला ढिलेपणा मापात येत नाही. पुढे जाऊन परत मागे आणून खूण जुळवण्याची सवय वाईट. आणि ही तपासणी होईपर्यंत स्टार्टरला हात लावू नये. इंजेक्टर काढून ठेवले तर पाना हलका चालतो, आणि व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असेल तर ते हाताला लगेच कळते. स्टार्टरला ते कळत नाही.

काळी_माती

दोघांचेही आभार. फ्लायव्हीलवरच्या खुणा गंजामुळे वाचता येत नाहीत. मग नेमका टीडीसी कसा शोधावा? हेड काढण्याची इच्छा नाही.

टॅपेट_फट

हेड काढावे लागत नाही. पिस्टन अंदाजाने वर आणून एक नंबरच्या एका व्हॉल्व्हची स्प्रिंग काढा, व्हॉल्व्ह पिस्टनच्या माथ्यावर टेकू द्या आणि त्याच्या दांड्यावर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे काट्याचे मापक) लावा. त्यापूर्वी दांड्याला घट्ट रबरी कडी जरूर चढवा, कारण पिस्टन जास्त खाली गेला तर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो आणि मग हेड काढण्यावाचून उपाय उरत नाही. अगदी माथ्याजवळ क्रँक काही अंश फिरूनही काटा हलत नाही, तेव्हा काटा थांबला त्या जागेला टीडीसी समजू नका. टीडीसीच्या अलीकडे आणि पलीकडे गेजवर सारखाच आकडा येईल अशा दोन जागा पुलीवर खडूने नोंदवा. त्यांचा बरोबर मध्य म्हणजे टीडीसी.

जुने_डिझेल

पंपाविषयी एक गोष्ट राहिली. पंपाच्या फ्लँजवरची (बोल्टने बसणाऱ्या कडेवरची) रेघ टायमिंग केसवरच्या रेघेशी जुळलेली असू द्या. इंजिन सुरू केल्यावर पांढरा धूर निघून ते उशिरा पेटत असेल, किंवा उलट कडक ठोका येत असेल, तर पंप फिरवून काम भागवण्याचा सल्ला हमखास मिळतो. फ्लँजच्या लांबट छिद्रांमध्ये काही अंशांचाच वाव असतो आणि तो बारीक जुळवणीसाठी ठेवलेला आहे. पंपाच्या गियरचा दाता चुकलेला असेल तर तो दाताच दुरुस्त करावा. आपले कव्हर उघडे आहे, तेव्हा कॅम आणि आयडलर यांच्याबरोबर पंपाच्या गियरची खूणही त्या पूर्ण फेऱ्यांच्या शेवटी पाहून घ्या, आणि मगच नवे पॅकिंग लावा.