उसतोड, उचल आणि सत्ता: निबंध वर्णनातच अडकतोय

कोरी_पानं

एम.ए. समाजशास्त्र, दुसरं सत्र. विषय 'सत्ता, विषमता आणि सामाजिक बदल: एका उदाहरणाच्या आधारे चर्चा करा', मर्यादा २,५०० शब्द. उदाहरण घेतलंय बीडमधून पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या उसतोड मजुरांचं. खर्ड्यावर शेरा आला: 'माहिती भरपूर, विश्लेषण कुठे आहे?'

सध्याची मांडणी: सत्तेच्या व्याख्या (वेबर, मार्क्स, फुको, ल्यूक्स), साखर कारखानदारीचा इतिहास, मजुरांच्या समस्या, सरकारी योजना, निष्कर्ष.

तीन शंका आहेत. एक, सिद्धांत कुणाचा ठेवू आणि कुणाचा काढू? दोन, जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले, त्याला 'सामाजिक बदल' म्हणता येईल का? तीन, मुलाखती घ्यायच्या तर किती आणि कुठे?

---

बांधावरचा

शेरा बरोबर आहे, दोष मांडणीचा आहे. चार विचारवंत पहिल्या चार पानांत येऊन जातात आणि पुढे ऊस सुरू झाला की एकही परत भेटत नाही. 'समस्या' हा शब्दही काढा. समस्या म्हटलं की यादी होते: निवारा नाही, शाळा सुटते, दवाखाना लांब. यादीत सत्ता दिसत नाही, कारण कुणी कुणाला कशाच्या जोरावर काय करायला लावतं हे त्यात येत नाही.

एक धागा धरा: उचल, म्हणजे कामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम. सगळा निबंध तिच्याभोवती फिरवा.

कारखाना किंवा त्याची तोडणी-वाहतूक यंत्रणा मुकादमाला, म्हणजे मजूर गोळा करून आणणाऱ्या ठेकेदाराला, आगाऊ रक्कम देते. मुकादम ती कोयत्यांना वाटतो. एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पैसे हातात पडतात पावसाळ्यात किंवा दसऱ्याच्या आधी, म्हणजे घरात काही नसतं तेव्हा. काम सुरू होतं त्यानंतर. मजुरी टनावर धरली जाते आणि उचलीतून वळती होते. हंगाम सुरू असताना किराण्यासाठी मिळते ती खर्ची, तीही खात्यावर चढते. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा: त्या दिवसाची मजुरी बुडतेच, वर दंडही लागतो.

आता तुमची दुसरी शंका. निबंधात सरळ हिशोब करून दाखवा, विश्लेषण आपोआप येईल. उदाहरणादाखल उचल १,००,००० रुपये धरा आणि एका कोयत्याची दिवसाची तोड २ टन. जुना मूळ तोडणी दर टनाला २७३ रुपये, म्हणजे दिवसाला ५४६. उचल फिटायला १८३ दिवस. नवा दर ३६६, म्हणजे दिवसाला ७३२, उचल फिटते १३७ दिवसांत. इथपर्यंत सुधारणा दिसते. पण कारखाना १०० दिवसांतच बंद झाला तर फिटले ७३,२००, अंगावर बाकी २६,८००. त्यात १५ दिवसाला ४,००० रुपये खर्ची धरली तर आणखी साधारण २६-२७ हजार. जोडी नव्या दराने राबूनसुद्धा पन्नासेक हजारांचं देणं घेऊन गावी परतते आणि पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे बांधली जाते.

आणि खरी मेख पुढे आहे. दराबरोबर उचलही ३४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे १,३४,००० झाली, तर फिटायला पुन्हा १८३ दिवसच लागतात. दर बदलला, नातं बदललं नाही. म्हणून बदल रुपयांत मोजू नका, 'मोकळं व्हायला किती दिवस लागतात' यात मोजा. नाही म्हणण्याची किंमत किती, हाच तुमच्या निबंधाचा मापदंड.

(हिशोबातली उचल, खर्ची आणि रोजची तोड ही गृहीतकं आहेत असं निबंधात स्पष्ट लिहा. बैलगाडी आणि टायरगाडीचे दर वेगळे असतात, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून थोडी वरकमाई होते, तेही एका वाक्यात सांगा. नाहीतर तोंडी परीक्षेत तिथेच अडकाल.)

सिद्धांत: फुको सोडून द्या. चूक म्हणून नाही, २,५०० शब्दांत तो नुसता नावापुरता उरतो. ल्यूक्सची १९७४ची सत्तेची त्रिमितीय मांडणी इथे चपखल बसते, फक्त तिन्ही पायऱ्या उसावर उतरवा.

पहिली मिती, उघड निर्णय. दराच्या वाटाघाटीला साखर संघ (कारखान्यांची संघटना) आणि मजूर संघटना बसतात, संप होतो, लवाद निवाडा देतो. २०२० मध्ये १४ टक्के वाढ, २०२४ मध्ये ३४. इथे कोण जिंकलं ते आकड्यात दिसतं.

दुसरी मिती बॅक्रॅक आणि बॅरट्झ यांची, १९६२ची: कोणता विषय टेबलावर येऊच दिला जात नाही. भांडण वर्षानुवर्षं दर आणि मुकादमाच्या कमिशनवर होतं. मजुराचा मालक नेमका कोण, हा प्रश्न बाजूला राहतो. कारखाना म्हणतो आमचा करार मुकादमाशी, मुकादम म्हणतो मी तर मधला माणूस. मालकच ठरला नाही तर भविष्य निर्वाह निधी, भरपाई, प्रसूती रजा कुणाकडे मागणार? कायद्याचं एक अचूक उदाहरण द्या. १९७९चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडहून बेळगावला गेलेला मजूर त्यात बसायचा, बीडहून कोल्हापूरला गेलेला नाही. काम तेच, कोयता तोच.

तिसरी मिती सगळ्यात अवघड. माणसाची इच्छाच अशी घडते की तक्रार उगवत नाही. 'उचल जास्त देतो तो मुकादम चांगला' हे वाक्य इथे ठेवा. कर्ज जितकं मोठं तितका देणारा दयाळू वाटतो. पण लगेच 'मजुरांना कळत नाही' असं लिहून मोकळे होऊ नका. ल्यूक्सवरचा मुख्य आक्षेपच हा आहे की माणसाचं 'खरं हित' ठरवणारे तुम्ही कोण?

इतिहासाला दोनशे शब्द पुरे. १९५०च्या सुमाराला प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ही नावं, आणि 'एक सभासद, एक मत' हे तत्त्व. मुद्दा एवढाच ठेवा: सभासद ऊस पिकवणारा होता, तोडणारा नव्हता. लोकशाही कुंपणाच्या आत होती. कुंपणाबाहेर काय होतं ते दाखवायला बाकीचा निबंध आहे.

---

दुसरी_पाळी

वरचं सगळं मान्य, फक्त एक मोठी जागा रिकामी राहिली. हिशोबात 'जोडी' म्हटलंत आणि पुढे गेलात. कोयता हे एकक स्वतःच विषमतेचं यंत्र आहे. मजुरी जोडीची, उचल पुरुषाच्या हातात, खातं त्याच्या नावावर. बाई तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, पण तिची मजुरी म्हणून वेगळी रक्कम कुठल्याच कागदावर नाही. पहाटेचा स्वयंपाक आणि पाणी भरणं कोपीवर (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीवर), ते तर टनात मोजलंच जात नाही. वर्ग आणि जात लिहून झाल्यावर शेवटी 'स्त्रियांच्या समस्या' असा परिच्छेद चिकटवू नका. कोयत्याची व्याख्या सांगता तिथेच हे यायला हवं.

आणि उसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा आकडा वापरणार असाल तर जपून. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्याने समिती नेमली. बीडमधल्या ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे साधारण १६.८ टक्के. विद्यार्थी यापुढे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा (२०१५-१६) देशाचा ३.२ टक्के हा आकडा ठेवतात आणि 'पाचपट' लिहून टाकतात. तो ३.२ हा १५ ते ४९ वयाच्या महिलांचा आहे. वयोगट सारखा आहे का, पाहणीची पद्धत सारखी आहे का, हे तपासल्याशिवाय भागाकार करायचा नाही. 'देशपातळीच्या मानाने बरंच जास्त, मात्र दोन्ही पाहण्यांची थेट तुलना करता येत नाही' एवढं लिहिलं तरी मुद्दा उभा राहतो.

दुसरी घसरण म्हणजे 'कारखाने शस्त्रक्रिया करायला लावतात' हे वाक्य. आदेश कुणी देत नाही, म्हणूनच तर हे सत्तेचं उदाहरण आहे. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, फडात (तोड चालू असलेल्या रानात) आडोसा नाही, पाणी नाही, खासगी डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो, शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उसन्या पैशाने. सही बाईची असते. त्या सहीमागे किती हात आहेत ते मोजा. बांधावरच्यांची तिसरी मिती इथे 'चांगल्या मुकादमा'पेक्षा जास्त नीट उतरते.

---

उलटतपासणी

थोडा विरोध नोंदवतो. असा निबंध वाचला की मजूर म्हणजे नुसता बांधलेला प्राणी वाटतो. प्रत्यक्षात काही जण दोन मुकादमांकडून उचल घेतात आणि तिसरीकडेच जातात. काही हंगामाच्या मध्येच रातोरात कोपी सोडतात. त्यामुळे मुकादमही खचतो, कारण कारखान्याकडच्या रकमेला तो वैयक्तिक जामीन असतो. जेम्स स्कॉट यांनी मलेशियातल्या एका गावाचा अभ्यास करून दुबळ्यांच्या रोजच्या, न गाजणाऱ्या प्रतिकाराची जी मांडणी केली, ती इथे एका परिच्छेदात बसवा. पण भाबडेपणाने नको. पळून गेलेल्याला धरून आणणं, कुटुंबातल्या कुणाला अडकवून ठेवणं हेही होतं. प्रतिकाराची किंमत सांगितल्याशिवाय प्रतिकार सांगू नका.

जातीबद्दल: 'मराठा बागायतदार विरुद्ध मागास मजूर' अशी सरळ रेघ ओढू नका. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची प्रभुत्वशाली जातीची कसोटी (संख्या, जमीन, राजकीय वजन) बागायती पट्ट्यात लागू होते. पण तोडणीला वंजारी, बंजारा, दलित यांच्याबरोबर कोरडवाहू मराठेही येतात, आणि मुकादम पुष्कळदा मजुराच्याच गावचा किंवा भावकीतला असतो. श्यामाचरण दुबे यांचा श्रीनिवास यांच्यावरचा आक्षेप इथे कामी येतो: जात प्रभुत्वशाली असली म्हणून तिच्यातला प्रत्येक जण प्रभुत्वशाली होत नाही. बागायत आणि कोरडवाहू ही रेघ जातीच्या रेघेला कुठे छेदते ते दाखवलंत तर 'विषमता' या शब्दाला अर्थ येईल.

'वेठबिगारी' हा शब्द वापरायचा तर दोन गोष्टी माहीत हव्यात. १९७६चा वेठबिगारी निर्मूलन कायदा कर्जापोटीच्या सक्तीला बंदी घालतो. आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एशियाड बांधकाम मजुरांच्या प्रकरणात म्हटलं, की आर्थिक नाइलाजातून किमान वेतनाखाली केलेलं कामही सक्तीचंच श्रम. याच्या जोडीला समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांची 'नववेठबिगारी' (आगाऊ पैशाने मजुराला बांधून ठेवणं) ही संकल्पना घ्या. दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या उसात खानदेशातून मजूर आणले जात, स्थानिक हळपती या आदिवासी समाजाचे मजूर हाताशी असताना. का? बाहेरून आणलेला माणूस चोवीस तास ताब्यात राहतो, संध्याकाळी घरी जात नाही. 'स्थानिक मजूर मिळत नाहीत' हे वाक्य पुन्हा लिहिण्याआधी हे आठवा.

---

कोरी_पानं

सर्वांचे आभार. खर्डा पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहितोय. दोन गोष्टी उरल्या: तोडणी यंत्रं बदलाच्या भागात घेऊ का? आणि मुलाखतींचं कुणी सांगितलं नाही.

---

बांधावरचा

यंत्र घ्या, पण शंभरेक शब्दांत. यंत्राला चार-पाच फुटांची सरी आणि सलग मोठं रान लागतं. गुंठ्यागुंठ्याच्या तुकड्यात ते वळतच नाही. म्हणून यंत्र आधी मोठ्या बागायतदाराच्या रानात जातं आणि अडचणीचा, आडवा पडलेला ऊस कोयत्याला उरतो, त्याच टनाच्या दराला. तंत्रज्ञानाने विषमता कमी झाली की नुसती जागा बदलली, हा प्रश्न तिथे टाका.

शब्दांची वाटणी माझ्या मते: प्रश्न आणि संकल्पना ३५०, सहकार आणि कुंपण २००, उचलीची यंत्रणा आणि हिशोब ६००, तीन मिती (बाईच्या सहीसकट) ७००, प्रतिकार आणि आक्षेप ३००, बदल ३५०. निष्कर्षाला वेगळा मथळा नको, बदलाच्या भागातच दिवसांचा आकडा परत आणा.

---

दुसरी_पाळी

मुलाखती आठ-दहा पुरेत, त्यात निम्म्या बायका हव्यात. हंगामात फडावर जाऊ नका. पहाटेपासून तोड, गाडी रात्री कधीही भरायला येते, बोलायला कुणाला सवड नसते आणि मुकादम शेजारी उभा असतो. त्याच्यादेखत दिलेलं उत्तर हे उत्तरच नव्हे. मे ते ऑगस्टमध्ये गावी गाठा, बाईशी बोलायचं तर नवरा समोर नसताना. नावं, गाव, कारखाना, मुकादम सगळं बदलून लिहा. बीडमधल्या छोट्या वस्तीत नुसतं 'चार मुली असलेली चाळिशीतली बाई' एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.

'तुमचं शोषण होतं का?' हा प्रश्न विचारू नका, हो किंवा नाही यापलीकडे हाती काही लागत नाही. विचारा: गेल्या वर्षी उचल किती घेतली, कुठे खर्च झाली, किती फिटली, बाकी कुणी लिहून ठेवली, ती वही तुम्ही पाहिली का? शेवटचा प्रश्न विसरू नका.