धातूची झडप, ॲसिट्रॉम सुरू आणि दाढ काढायची आहे: सल्ला हवा (चोपडा / जळगाव / धुळे)

अनेरकाठ
नमस्कार मंडळी. आई, वय ५८. हृदयाची मायट्रल झडप धातूची बसवलेली आहे, ॲसिट्रॉम (रक्त पातळ करायची गोळी) २ मिग्रॅ रोज सुरू. शेवटचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) ३.१, पण तीन आठवड्यांपूर्वीचा. खालची उजवी दाढ हलते, हिरडी दाबली की पू येतो. जवळच्या दवाखान्यात सांगितलंय, "रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस बंद करा, मग काढू." हृदयाचे डॉक्टर नाशिकला आहेत, त्यांची तारीख लांब आहे.
गोळी बंद करायची का? अँटिबायोटिक कोणतं, किती, कधी? आणि हे काम आपल्याकडे कुठे करावं?

दंतवैद्य_धुळे
गोळी स्वतःहून बंद करू नका. धातूच्या मायट्रल झडपेवर औषध थांबलं की गुठळी धरायला वेळ लागत नाही, आणि ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू. दाढेच्या खड्ड्यातलं रक्त निदान डोळ्यांना दिसतं आणि दाबून थांबवता येतं.

तीन आठवड्यांपूर्वीचा आयएनआर चालणार नाही, २४ तासांतला हवा. ३.५ पर्यंत असेल तर एक-दोन दाढा काढता येतात. त्याहून वर असेल तर तारीख पुढे ढकलायची आणि डोसचं हृदयाच्या डॉक्टरांना फोनवर विचारायचं. तारखेची वाट बघत बसू नका. फाइलचा फोटो आणि रिपोर्ट पाठवून लेखी उत्तर मागवा.

काम सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी ठेवा. रक्त पुन्हा सुटलं तर बऱ्याचदा संध्याकाळनंतर सुटतं. शनिवारी दाढ काढली आणि रात्री रक्त सुटलं, तर रविवारी दवाखाना शोधत फिरावं लागतं.

तुमच्या दंतवैद्याला हे नक्की विचारा:
- भुलेच्या इंजेक्शनात ॲड्रेनॅलिन १:८०,००० असेल तर हृदयरोग्याला एकूण ३ मिलीच्या आत. औषध सोडण्याआधी पिस्टन मागे ओढून सुई रक्तवाहिनीत नाही ना, हे पाहतात. जमत असेल तर खोल ब्लॉकऐवजी (जबड्याच्या मागे नसेजवळ दिलेल्या भुलेऐवजी) दाताच्या कडेने भूल. खोलवर रक्त साचलं तर गळ्याकडे सूज उतरते.
- एका बैठकीत कमी दाढा, हाड कमीत कमी कापणं.
- खड्ड्यातला लालभडक, मऊ, कुजका मांसल भाग नीट खरवडून काढणं. पू झालेल्या दाढेत नंतर रक्त येत राहतं ते अनेकदा हाच भाग मागे राहिल्यामुळे. घाईत नेमकं हेच राहून जातं.
- खड्ड्यात जेलफोम (रक्त थांबवणारा, विरघळणारा स्पंज), वरून टाके. टाके "लागले तर" नाही, घालायचेच.
- ट्रानेक्सॅमिक ॲसिड (रक्तस्राव थांबवणारं औषध): ५०० मिग्रॅची एक गोळी बारीक कुटून १० मिली पाण्यात कालवली की ५ टक्क्यांचं द्रावण होतं. त्यात गॉझ भिजवून ३० मिनिटं चावून धरायचा. मग दोन दिवस, दिवसातून चार वेळा, १० मिली तोंडात दोन मिनिटं धरून थुंकायचं. जोरात चूळ भरली की खड्ड्यात धरलेली रक्ताची गाठ निघून येते. काढलेल्या दिवशी नुसतं तोंडात धरा.

औषधवाला_भुसावळ
अँटिबायोटिकचं बोलतो, कारण काउंटरवर सगळ्यात जास्त गोंधळ इथेच दिसतो.

कृत्रिम झडप असेल तर दाढ काढणं, हिरडीखालची सफाई अशा कामाआधी झडपेचा संसर्ग टाळण्यासाठी एकच डोस: अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, म्हणजे ५०० मिग्रॅच्या चार कॅप्सूल एकदम, कामाच्या ३० ते ६० मिनिटं आधी. लोक एक कॅप्सूल घेऊन जातात, किंवा काम झाल्यावर पाच दिवसांचा कोर्स सुरू करतात. दोन्हीने हेतू साधत नाही. आधी घ्यायचा राहिलाच तर नंतर दोन तासांच्या आत. क्लॅव्हुलॅनेटवाली ६२५ ची गोळी याच्या जागी घेऊ नका. पू आहे म्हणून वेगळा कोर्स लागेल का, हे दंतवैद्य ठरवतील.

पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ॲझिथ्रोमायसिन ५०० किंवा डॉक्सिसायक्लिन १००. क्लिंडामायसिन अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ पासून या कामासाठी सुचवणं बंद केलंय. जुन्या चिठ्ठ्यांवर अजून दिसतं.

आता धोक्याच्या गोळ्या. दातदुखीला आपल्याकडे सर्रास केटोरोलॅक, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन देतात. ॲसिट्रॉमवर यातली एकही नको. पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०, तेही दिवसाला ठरवून दिलं तेवढंच. मेट्रोनिडाझोल किंवा ऑर्निडाझोल पू झाला की हमखास लिहितात. दोन्हींनी आयएनआर वर जातो. तोंडातल्या बुरशीचं मायकोनॅझोल जेलसुद्धा तेच करतं, आणि "जेलच तर आहे" म्हणून कुणी सांगत नाही. कुठलाही कोर्स झाला तर तीन-चार दिवसांत आयएनआर पुन्हा करा.

अनेरकाठ
खूप आभार. एक सांगायचं राहिलं: दर २१ दिवसांनी पेनिड्युअरचं (पेनिसिलिनचं) इंजेक्शन सुरू आहे. अमॉक्सिसिलिनच चालेल?

औषधवाला_भुसावळ
बरं झालं विचारलंत. ज्यांना पेनिसिलिन नियमित मिळतं, त्यांच्या तोंडातले जंतू त्याला सरावलेले असू शकतात. म्हणून वेगळ्या गटातलं औषध घेतात, ॲझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन. ही इंजेक्शनाची गोष्ट दंतवैद्य आणि हृदयाचे डॉक्टर, दोघांच्याही कानावर घाला. इंजेक्शन मात्र चुकवू नका. त्याचं काम वेगळं आहे.

कार्डिओ_सिस्टर
जागेबद्दल: जिथे दंतविभाग आणि रक्ततपासणी एकाच आवारात आहे, तिथे जा. धुळ्याचं एसीपीएम डेंटल कॉलेज, किंवा धुळे-जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत दंतविभागात चौकशी करा. झडपेचं कार्ड, आयएनआरची वही आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. नावं पाठ असली तरी पाकिटंच दाखवा.

काढल्यानंतर २४ तास गरम चहा, ठेचा, भाकरी नको. थंड दूध, पिकलं केळं, गार मऊ खिचडी. तंबाखू आणि मशेरी अजिबात नको. रक्त आलं तर स्वच्छ गॉझ घट्ट गुंडाळून २० मिनिटं सलग दाबायचा, मधे उघडून बघायचं नाही. दोनदा दाबूनही थांबलं नाही तर थेट रुग्णालय.

थंडीत भरिताचा जोर असतो. कांद्याच्या पातीत व्हिटॅमिन के भरपूर, त्यामुळे एरवी पात न खाणाऱ्याने सलग चार दिवस पातीसकट भरीत खाल्लं तर आयएनआर खाली येतो. भरीत बंद करू नका, पातीचं प्रमाण नेहमीइतकंच ठेवा.

आणि हे मनापासून सांगते. कृत्रिम झडप असलेल्या माणसाला कधीही, दाताचं काम झाल्यावर तर खासच, चार-पाच दिवस ताप, थंडी वाजणं, रात्री घाम असं झालं तर गावात सुई-सलाईन घेऊ नका. अँटिबायोटिकचा पहिला डोस पडण्याआधी ब्लड कल्चरचे (रक्तातला जंतू ओळखायच्या तपासणीचे) तीन नमुने घ्यायला हवेत. एक डोस गेला तरी कल्चर कोरं येऊ शकतं, जंतूचं नाव कळत नाही आणि झडप खराब होत राहते.

शेवभाजी_शिरपूर
धाग्याला धरूनच विचारतो. वडिलांना स्टेंट आहे, झडप नाही. त्यांनाही आधी अँटिबायोटिक? आणि हिरड्या साफ केल्या तर ॲटॅक टळतो असं ऐकलंय.

दंतवैद्य_धुळे
स्टेंट किंवा बायपासला आधीचं अँटिबायोटिक लागत नाही. ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल बंद करू नका. स्टेंट नवा असेल तर तातडीचं नसलेलं काम हृदयाच्या डॉक्टरांना विचारून पुढे ढकला. हिरड्यांचा रोग आणि हृदयविकार एकत्र दिसतात, तंबाखू आणि मधुमेह ही दोघांची सामाईक कारणं आहेतच. पण हिरड्यांवर उपचार केल्याने ॲटॅक टळतो असा पुरावा नसल्याचं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये स्पष्ट म्हटलं होतं. सफाई करा ती दात टिकावेत म्हणून.

दोन गोष्टी बघा. ॲम्लोडिपिन (रक्तदाबाची गोळी) सुरू असेल आणि हिरड्या फुगून दातांवर चढत असतील तर ते गोळीमुळे असू शकतं. आणि चालताना जबडा दुखतो, थांबलं की राहतो, असं असेल तर दातांकडे नको, आधी ईसीजी.

अनेरकाठ
ब्रश करताना आईच्या हिरडीतून रक्त येतं म्हणून तिने ब्रश सोडून बोटाने मशेरी सुरू केलीय.

दंतवैद्य_धुळे
मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, ती थांबवा. रक्त बहुतेक वेळा साचलेल्या किटणामुळे येतं, ब्रश सोडला की किटण आणखी वाढतं. अतिमऊ ब्रश, हिरडीच्या कडेला तिरपा धरून, दोन वेळा दोन-दोन मिनिटं, फ्लोराइडची पेस्ट. सोबत दंतवैद्याकडून सफाई. तिच्याआधीही अँटिबायोटिकचा तोच एक डोस लागेल, म्हणून दाढ आणि सफाई शक्य तर एकाच बैठकीत उरका. जमलं नाही तर दोन्हींत किमान दहा दिवसांचं अंतर ठेवा.