सुपरहिरोची धून तोंडाने वाजवून दाखवा (अनुभव धागा)

परवा भांडी लावता लावता मी गुणगुणत होते, टँ-टटटँ-टँऽऽ, तर लेक (वय ९) म्हणाला आई हे काय. म्हटलं अरे सुपरमॅन! १९७८ चा, ख्रिस्तोफर रीव्हवाला, संगीत जॉन विल्यम्सचं. नीट ऐक, त्यातले तीन सूर चक्क "सु-पर-मॅन" म्हणतात, दिग्दर्शक रिचर्ड डॉनरलाही ते तसंच ऐकू आलं होतं. मग म्हटलं आता तू मागच्या आठवड्यात पाहिलास त्याची म्हणून दाखव. बराच विचार करून त्याने स्फोटाचा आवाज काढला.

म्हणून हा धागा. अट एकच, यूट्यूबवर ऐकून यायचं नाही. पिक्चर, मालिका, गेम, कशातलीही धून चालेल, पण आत्ता तोंडावर येतेय तीच आणि ती कशी चिकटली तेही सांगा. पिक्चर चांगला की टुकार यावर इथे भांडू नका प्लीज.

निवांत

मला एका गाण्याचे शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ आहेत आणि ते आहे १९६६ च्या बॅटमॅन मालिकेचं टायटल साँग. नाना नाना नाना नाना बॅटमॅन. झालं, संपलं. हसू नका, संगीतकार नील हेफ्टीला ते जमवायला महिन्याच्या वर लागला होता म्हणे आणि त्याला त्यासाठी ग्रॅमी मिळालं. चिकटली कशी तर धाकटा भाऊ रडायला लागला की मी हे म्हणायचो, तो थांबायचा. आता तो स्वतः बाप झालाय आणि परवा फोनवर मागून रडणं ऐकू आलं आणि लगेच त्याचं नाना नाना सुरू. मी काही बोललो नाही.

अर्धवट तबलजी

वंडर वूमन. २०१६ च्या 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' पिक्चरमध्ये ती ढाल घेऊन येते तेव्हाची. थिएटरमध्ये नेहमीच्या सवयीने मांडीवर बोटं चालू होती आणि दर आवर्तनाला माझी सम चुकत होती. तीनताल लावून बघितला, नाही बसत. घरी येऊन शांतपणे मोजलं तर मला सात मात्रा मिळाल्या, म्हणजे आपला रूपक! ती ती ना धीना धीना. अर्थात रूपकाचं वजन त्यात नाही, तिथे खाली-भरी कोण बघतंय, पण ती धून सारखी पुढे ढकलल्यासारखी वाटते ना, ते आठवी मात्रा यायच्या आत पुन्हा सुरुवात होते म्हणून. वर टीना गुओचा इलेक्ट्रिक चेलो असा किंचाळतो की मी आधी गिटारच समजलो होतो. गुरुजींना ऐकवलं, ते म्हणाले लय बरी आहे, आवाज कमी कर.

झोपमोड

माझा किस्सा लाजिरवाणा आहे. २००८ च्या डार्क नाईटमधली जोकरची धून. धून तरी कसली, चेलोवर एकच सूर ताणत ताणत वर नेलाय, बस. संगीतकार हान्स झिमरने त्यासाठी पियानोच्या तारांवर ब्लेड घासण्यापर्यंत प्रयोग केले होते. मला ते इतकं आवडलं की मी तो ट्रॅक अलार्मला लावला, ऐन परीक्षेच्या आठवड्यात. आता ट्रॅक नऊ मिनिटांचा, सुरुवात इतकी बारीक की डास गुणगुणतोय असं वाटावं. मला स्वप्नात डासच दिसला, मी त्याला मारलाही, आणि कूस बदलून झोपले. खोलीतली दुसरी मुलगी मात्र दचकून उठली आणि रडायच्या बेतात होती. पेपरला पस्तीस मिनिटं उशीर. तोंडाने वाजवून दाखवायची अट आहे म्हणून सांगते, दात आवळून "ईंऽऽऽ" म्हणा, झालं.

खडूस काका

ताई, मुलाचा दोष नाही. हल्ली धून नसतेच, नुसता धडधडाट. १९८९ चा बॅटमॅन घ्या. संगीतकार डॅनी एल्फमन लंडनहून सेट बघून विमानाने परत येत होता आणि धून तिथेच सुचली, मग हा पठ्ठ्या सारखा टॉयलेटमध्ये जाऊन टेपरेकॉर्डरमध्ये गुणगुणून यायचा. म्हणजे धून आधी तोंडात होती, वाद्यं नंतर आली! म्हणून ती आपल्या तोंडातही बसते.

झोपमोड

काका, पण जोकर माणूसच असा आहे की ज्याचा काही नेम नाही, तर त्याला गुणगुणता येण्यासारखी धून कशाला द्यायची? मला तर तो एक सूर आला की पोटात गोळा येतो, अजूनही.

खडूस काका

पोटात गोळा आणायला परीक्षा पुरेशी होती की.

पहिली लेव्हल

गेमवाल्यांनी हात वर करा. निन्टेन्डोच्या जुन्या आठ बिटवाल्या कन्सोलवर १९९० चा सिल्व्हर सर्फर होता, ज्यांनी खेळलाय त्यांच्या जखमा ताज्या असतील. कशालाही, अगदी भिंतीलाही, नुसता स्पर्श झाला की मेलात. मी आणि दादाने आख्खी सुट्टी घालवली, पहिली लेव्हल पार झाली नाही. पण संगीत टिम आणि जेफ फॉलिन या भावांचं, आणि ते काय आहे! मशीनमध्ये आवाजाचे मोजून पाच चॅनल, त्यातला एक नुसता खरखराटाचा. एका चॅनलला एका वेळी एकच सूर वाजवता येतो, मग त्यांनी तीन-चार सूर इतक्या भराभर फिरवलेत की कानाला आख्खी कॉर्ड वाजल्यासारखी वाटते. हे मला फार नंतर कळलं, तेव्हा फक्त एवढंच कळायचं की स्टार्ट दाबलं नाही तर गाणं चालू राहतं आणि कोणी मरत नाही. शेवटी शेवटी आम्ही दाबायचोच नाही. दोघं भाऊ टायटल स्क्रीनकडे बघत बसलेलो. आई आत यायची, बघायची आणि न बोलता जायची.

शेजारच्या खोलीतून

मी गेम खेळत नाही, नवरा खेळतो. २०१८ चा स्पायडरमॅन. मी पलीकडच्या खोलीत काम करत असते आणि मला भिंतीपलीकडून सगळं कळतं, कारण हा जाळं टाकून झुलायला लागला की ऑर्केस्ट्रा उसळतो आणि रस्त्यावर उतरून चालायला लागला की गप्प होतो. त्यामुळे "पाचच मिनिटं, आता संपतच आलंय" ही थाप माझ्यापुढे चालत नाही. संगीतकार जॉन पेसानो यांचे आभार.

वाचनमात्र (आज पहिल्यांदाच लिहितोय)

हल्कची जुनी मालिका, १९७८ च्या आसपासची. भागाच्या शेवटी तो माणूस खांद्याला बॅग लावून रस्त्याच्या कडेने लिफ्ट मागत निघतो आणि संगीतकार जो हार्नेल यांचा पियानो वाजतो, फक्त पियानो. वडिलांची बदलीची नोकरी होती, दर दोन-तीन वर्षांनी ट्रकमध्ये सामान भरायचं. ट्रक सुटला की माझ्या डोक्यात तेच वाजायचं. बाकी लिहिता येत नाही.

निवांत

वाचनमात्र, लिहीत राहा.

टणाटण

ब्लॅक पँथर, २०१८. संगीतकार लुडविग योरानसन सेनेगलला जाऊन तिथल्या वादकांसोबत राहिला आणि टॉकिंग ड्रमवर (बोलण्यासारखा आवाज काढणारा तिथला ढोल) नायकाचं, टी'चालाचं, नावच वाजवून घेतलंय. एकदा कळलं की दुसरं काही ऐकूच येत नाही. ऑस्कर मिळालं ते योग्यच. आणि एक्स-मेन कार्टून (१९९२) कोणीच कसं लिहिलं नाही?? त्याची सुरुवात ऐकून मी अंगाला साबण तसाच ठेवून टीव्हीपुढे धावलोय.

खडूस काका

एक्स-मेनला पाठिंबा. साबणाला नाही.

धागाकर्ती

सगळे प्रतिसाद लेकाला वाचून दाखवले. सिल्व्हर सर्फर त्याला आत्ताच्या आत्ता हवाय. आणि झालं असं की त्याला एक धून येते! ॲव्हेंजर्सची, २०१२ ची, ॲलन सिल्वेस्ट्रीवाली. काका, घ्या. फक्त तो ती म्हणता म्हणता मध्येच माझ्या सुपरमॅनमध्ये शिरतो आणि त्याला पत्ताही नसतो. दोन दिवस हेच ऐकतेय. आज सकाळी मला नुसती सुपरमॅनची म्हणायची होती, तर अर्ध्यात ॲव्हेंजर्स आले, आणि आता मूळची कुठे वळते तेच आठवेना. अट मीच घातलीय, त्यामुळे यूट्यूबवरही जाता येत नाही.